स्टेशनवरच्या पबचा शेवटचा मालक

नोकरीतल्या बाकीच्या घटना मला आठवाव्या लागतात. ही एक आठवावी लागत नाही. थंडीत कुठे कोळशाची शेगडी पेटलेली दिसली की ती आपणहून समोर येऊन उभी राहते.

आधी एक खुलासा करतो. मी मोठा अधिकारी नव्हतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शिक्षण सातवीपर्यंत. वडील गेले आणि शाळा सुटली, ती सुटलीच. पुढचं सगळं खात्याने शिकवलं. जबाब कसा लिहावा, घटनास्थळी पाय कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये, माणूस बोलायचा थांबला की आपणही थोडं थांबावं, हे मी तिथेच शिकलो. त्या शिक्षणावर माझं घर उभं राहिलं, हे मी कधी विसरलो नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि सौदीला आलो. दम्मामहून रियाधला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर एका स्टेशनला लागून मालाचं मोठं यार्ड होतं. तिथे एका कंपनीत सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागलो. यार्डात मला सगळे जमादार म्हणत. पासपोर्ट कफीलाच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाच्या कपाटात, खिशात इकामा हा राहण्याचा परवाना, आणि मनात कायम धाकधूक की आपल्याकडून काही चुकलं तर मुलांची फी कोण भरणार. नावं कोणाचीच देणार नाही, स्टेशनचंही नाही. यातली काही माणसं हयात असतील, नसली तर त्यांची मुलं आहेत.

फलाटाच्या उत्तर टोकाला दोन खोल्यांचं बैठं बांधकाम होतं. पुढे काउंटर, आणि मागे एक बिनखिडकीची खोली. कागदोपत्री ते कॅन्टीन. पण यार्डातला प्रत्येक माणूस, पठाण असो की केरळी, त्याला 'पब' म्हणायचा. दारूबंदीच्या देशात हे नाव ऐकून मी पहिल्या दिवशी दचकलोच होतो.

नावामागची हकीकत मला तिथल्या येमेनी म्हाताऱ्याने सांगितली. रूळ टाकले जात होते तेव्हा परदेशी इंजिनीअर तिथे राहायचे आणि त्यांना पिण्याची मुभा होती म्हणे. त्यांच्यासाठी एका गोव्याच्या स्वयंपाक्याने मागच्या खोलीत बिअर ठेवायला सुरुवात केली. तो या जागेचा पहिला मालक. कोणा इंजिनीअरने गमतीने दारावर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. पुढे बंदी सगळ्यांनाच लागू झाली, गोव्याचा माणूस बहारीनला निघून गेला आणि रेल्वेने दाराला हिरवा रंग दिला. पण खालचा रंग इतका जाड होता की हिरव्यातून ती अक्षरं दिसायची. मी स्वतः बोट फिरवून बघितली आहेत.

दुसरा मालक हा म्हातारा. त्याने कितीतरी वर्षं तिथे पुदिन्याच्या चहाशिवाय काही विकलं नाही. त्याची एक कोळशाची शेगडी होती आणि शेगडीचे नियम होते. कोळसे बाहेर फलाटावर पेटवायचे, चांगले फुलले की मगच आत आणायचे. मागच्या खोलीत छताजवळ एक झरोका होता, त्याला लाकडी झडप. ती झडप कधी मिटू नये म्हणून म्हाताऱ्याने तिच्यात रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा एक ठोकळा अडकवला होता. वारा सुटला की झरोक्यातून वाळू यायची, चहाच्या पेल्यात पडायची, पोरं ओरडायची. कोणी ठोकळा काढायला गेलं की म्हातारा चिमटा उगारायचा आणि म्हणायचा, "वाळूने माणूस मरत नाही." मग कशाने मरतो हे त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याला ती सांगायची गोष्ट वाटलीच नसेल.

कुवेतचा प्रश्न पेटला आणि येमेनच्या सरकारची भूमिका सौदीला पटली नाही. येमेनी लोकांना तिथे कफीलाशिवाय राहायची जी सवलत होती ती निघाली. कफील शोधा, नाहीतर जा. म्हातारा गेला. ट्रकवर गाद्या आणि भांडी बांधलेली होती, वर एक शिलाई मशीन. जाताना त्याने किल्ली, शेगडी आणि चिमटा त्याच्या हाताखाली अनेक वर्षं कपबशा धुणाऱ्या माणसाच्या हवाली केला. हा आमच्या रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला मुसलमान. पस्तिशीचा, अंगाने बारीक, कोणालाही नाही म्हणता न येणारा. तो तिसरा मालक. आणि शेवटचा.

जानेवारीत लढाई सुरू झाली. यार्डात दिवसरात्र लष्कराचा माल येऊ लागला. सरहद्दीकडे, हफ्र अल बातिनच्या दिशेने ट्रकांची रांग तुटायची नाही. दम्मामकडे इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडली की आमच्याकडेही भोंगा व्हायचा. विषारी गॅस येणार असं जो तो सांगत होता. ऑफिसातल्या लोकांना मास्क मिळाले. यार्डातल्या मजुरांपर्यंत ते पोहोचले नाहीत. ओला टॉवेल तोंडावर धरा, एक खोली चिकटपट्टीने बंद करून आत बसा, एवढंच त्यांना सांगितलं गेलं.

त्याच दिवसांत यार्डातल्या उत्तर प्रदेशी धोब्याने मला खबर दिली. इस्त्री फिरवत, मान वर न करता म्हणाला, "जमादार साहब, पब फिर सचमुच का पब हो गया है."

मी तडक गेलो. काउंटरवर तो रत्नागिरीकडचा चहावाला होता आणि समोर नागोठण्याकडचा क्रेनवाला. हा क्रेनवाला म्हणजे यार्डाचा विदूषक. चाळीस फुटांवर केबिनमध्ये बसून खालच्यांच्या नकला करायचा.

"आली धाड!" तो म्हणाला. "शेठ, लपव साखर. जमादारांना डायबेटिस आहे."

"तू गप," मी म्हणालो आणि चहावाल्याला विचारलं, "काय चाललंय रे मागच्या खोलीत?"

"काय नाय वो. लोकं बसतात, बोलतात. भोंगा झाला की थरथरतात. बसू नको सांगू?"

"वास येतोय."

"फळांचा रस हाय. नासलाय."

"साहेब, सगळंच नासलंय," क्रेनवाला म्हणाला. "कालपासून माझी क्रेनपण कण्हतेय. बायकोचं पत्र आलंय, विचारते तिथं लढाई आहे का. म्हटलं नाही, दिवाळी आहे, उशिरा आलीय."

मी झडती घेतली. पाण्याची भांडी, पोती, बाकाखाली. सापडलं काही नाही. झडतीत वर बघायची आमची सवय, म्हणून छताकडे बघितलं. झरोका उघडा होता, ठोकळा जागेवर होता. चहावाल्याला सांगितलं, "बाबा रे, परमुलूख आहे. आपल्याकडे दंड भरून सुटता येतं, इथे नाही. असेल ते ओतून टाक." तो 'हो' म्हणाला. माझ्या वरिष्ठालाही मी कळवलं. तो म्हणाला, लढाई संपू दे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली सकाळ. आदल्या रात्री भोंगा होऊन गेला होता. मला जाग आली ती आरडाओरड्याने. ऊन वर आलं होतं. इतका उशीर मला कधी होत नसे. बूट कसेबसे घालून फलाटावर धावलो.

मागच्या खोलीत बाकावर क्रेनवाला निजलेला होता. हनुवटीपर्यंत ब्लँकेट नीट ओढलेलं. चेहरा लालसर, तजेलदार. मी हाक मारली, मग हात लावला. थंड. आमच्याकडे पंचनाम्याचा कागद नव्हता आणि मला तिथे अधिकारही नव्हता, पण इतक्या वर्षांची सवय, डोळ्यांनी पंचनामा करून घेतला. झरोक्यावर आणि दाराच्या फटींवर प्लास्टिक आणि तपकिरी चिकटपट्टी. दाराकडची पट्टी फाटलेली, झरोक्यावरची शाबूत. ठोकळा जमिनीवर. बाकाशेजारी शेगडी, तिच्यात राख. पेले. वासाबद्दल शंका नको.

चहावाला बाहेर रुळाच्या कडेला उकिडवा बसला होता.

थोड्या वेळाने रेल्वे पोलिसांचा कॅप्टन आला. उंच, तरुण, अनेक रात्रींचं जागरण डोळ्यांत. त्याला कामचलाऊ उर्दू येत होती, जेद्द्याला हज यात्रेकरूंच्या बंदोबस्तावर असताना शिकलेली. पाण्याच्या टाकीमागे त्याच्या शिपायांना दारूचा कॅन सापडला. बाकीचे चार पिणारेही तासाभरात मिळाले. चौघांनाही रात्रभर ओकाऱ्या आणि डोकं फुटेल अशी कळ. एकाला तर उभं राहवेना.

कॅप्टनला चित्र स्पष्ट दिसलं आणि खरं सांगायचं तर मलाही. घरगुती दारू, त्यात काहीतरी विषारी मिसळलेलं. पाच जण प्यायले, चार आजारी पडले, एक मेला. मुंबईकडे असे प्रकार आम्ही ऐकलेले, बघितलेले.

चौकशी स्टेशनमास्तरांच्या शेजारच्या खोलीत झाली. दुभाष्या म्हणून मला बसवलं.

"जमादार, इस को बोलो सच बोले," कॅप्टन म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत चहावाला म्हणाला, "माझ्या दारूने मेला. मीच मारला. लिहा."

"दारूत काय घातलं होतंस?"

"काय नाय. रस, साखर, यीस्ट. पण पाप होतं ना वो ते. म्हातारा इतकी वर्षं चहाच विकत होता. मी आलो आणि हे चालू केलं."

"का केलंस?"

"लोकांना झोप नव्हती. रडायची माणसं, रात्री. ह्याने मागितली, त्याने मागितली. नाय कसं म्हणू?"

"तू स्वतः प्यालास?"

"चाखली. माझ्या वाट्याला मरण नाय आलं, त्याच्या आलं."

"आत कोण कोण होतं?"

त्याने त्या चौघांची नावं सांगितली, पाचवा मेलेला. मग थांबला. खाली बघितलं आणि म्हणाला, "बस. एवढेच."

ते थांबणं मी मनात टिपून ठेवलं. पटकन आलेली कबुली मला नेहमीच घाबरवते. चोर कबूल करतो तेव्हा आधी घासाघीस करतो, हे सांगतो तर ते सोडा म्हणतो. हा माणूस स्वतःला शिक्षा व्हावी म्हणून घाई करत होता. पण कबुली ती कबुली. कॅप्टनने सही-अंगठा घेतला. मी भीत भीत विचारलं, "काय होईल याचं?" तो म्हणाला, दारू गाळली ही एक गोष्ट. दारू पाजून माणूस मारला, तोही लष्करी माल उतरवणारा, लढाई चालू असताना, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत मान राहते की जाते, ते काझी ठरवेल. त्याने बोट आपल्या मानेवरून फिरवलं नाही, नुसती कॉलर सरळ केली. मला तेवढं पुरलं.

दुपारी मयताबरोबर दवाखान्यात गेलो. कागदावर ओळख पटवायला त्याच्या मुलखातला माणूस हवा होता. डॉक्टर पाकिस्तानी, वयस्कर. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि उर्दूत विचारलं, "खोलीत विस्तव होता का?"

"शेगडी होती."

"मला वाटलंच. या माणसाचे ओठ बघा, नखं बघा, पाठ बघा. विषारी दारूने मेलेला माणूस असा गुलाबी दिसत नाही. बंद खोलीत कोळशाच्या वायूने गुदमरलेला दिसतो. पण त्याच्या पोटात दारू आहे, आणि आजारी पडलेले चौघेही प्यालेले. रक्त तपासायला पाठवलंय, पण प्रयोगशाळा सैनिकांसाठी राखून ठेवलीय, उत्तर कधी येईल सांगता येत नाही. तोवर तुमचा कॅप्टन कबुलीवर कागद रंगवून वर पाठवेल. मला एक माणूस आणून द्या. त्या खोलीत बसलेला, न प्यालेला आणि तरीही आजारी पडलेला. मग मी माझं मत आजच लिहून देतो."

आमच्या कोकणात घराला कौलं. चूल असो, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी असो, धूर आपला कौलांतून वाट काढतो. हवा कोंडली म्हणजे काय होतं, हे आम्हाला शिकायची वेळच येत नाही. चहावाल्याने म्हाताऱ्याकडून शेगडी घेतली, पण ठोकळा का आहे हे घेतलं नाही.

मी धावत कोठडीकडे गेलो. कॅप्टनने दहा मिनिटं दिली.

"नीट ऐक," मी म्हणालो. "तुझ्या दारूने तो मेलाच नसेल. खोली बंद होती, शेगडी आत होती. न पिणारा एक जरी माणूस आत बसला असेल तर सांग. तुझी मान सुटेल."

"शेगडीने?" त्याने विचारलं.

"हो. कोण होतं आत?"

"कोण नाय."

"नक्की?"

"नाय म्हटलं ना वो."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. उरलेल्या चौघांकडे गेलो. तेही एकमेकांकडे बघून 'कोई नहीं था' म्हणाले. खोटं बोलताना माणसं सहसा वेगवेगळं बोलतात. सगळी एकच बोलतात तेव्हा ती कोणाला तरी झाकत असतात. पण कोणाला, हे कळेना. धोब्याकडे गेलो, भटारखान्यात गेलो. काही हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला रोजच्यासारखी पहाटे जाग आली. अजान ऐकू येत होती.

यार्डात मशीद नव्हती. आमच्या बराकीच्या टोकाला एक चटई घातलेली मोकळी जागा, तिथे नमाज व्हायची. अजान द्यायचे आणि नमाज पढवायला पुढे उभे राहायचे ते आमचे स्टोअरकीपर. रत्नागिरीचेच, साठीला आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी हिंदू असूनही माझं घड्याळ म्हणजे चाचांची अजान. ते पहाटेची नमाज करायचे, मी तोंड धुवायचो, मग दोघं मिळून काळा चहा प्यायचो.

मी अंथरुणात बसून राहिलो. काल मी उशिरा उठलो होतो, कारण काल अजान झालीच नव्हती.

ते चहालाही आले नव्हते. गडबडीत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

स्टोअर उघडलं तसा मी गेलो. चाचा खिळ्यांची खोकी उगाच इकडची तिकडे लावत होते. चेहरा उतरलेला.

"चाचा, मयताच्या हातमोज्यांचं विचारायचं होतं," मी काहीतरी म्हणालो.

"मी भोंग्याच्या वक्ताला माझ्या खोलीत होतो वो."

"मी ते विचारलं नाही, चाचा."

त्यांचे हात थांबले. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी आलं की पोलिसाने खुर्ची ओढून बसावं. खुर्ची नव्हती, मी खोक्यावर बसलो.

"काल मी उन्हं आल्यावर उठलो," मी म्हणालो. "मला उठवायला कोणी नव्हतं."

बाहेर मालगाडी धडधडत गेली.

"डोकं फुटत होतं," चाचा म्हणाले. "उभं ऱ्हायलो की ओकारी. नमाज बसून केली, एकट्याने."

"त्या खोलीत होतात?"

"जमादार, तुमच्या पाया पडतो."

"प्यालात का?"

"तौबा करा! आयुष्यात हात लावला नाय."

"मग कशाची भीती?"

"भोंगा झाला तेव्हा मी फलाटावर होतो. चहावाल्याने मना हात धरून आत ओढलं. 'चाचा, मरायचं हाय का?' म्हणाला. आत गेलो तर हे सगळे, हातात पेले. मना बाहेर जायला पायजे होतं. मी नाय गेलो. पोरांना रोज सांगतो मरणाला भिऊ नका, पिऊ नका. आणि मी दारूच्या वासात कोपरा धरून बसलो, तोंडावर रुमाल दाबून, जीव वाचावा म्हणून. ह्या वयाला. आता सांगतो सगळ्यांना? माझ्यामागं उभं कोण ऱ्हाईल? गावाला कळलं तर? लेकीचं ठरतंय."

मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ते मान हलवत राहिले, नको, नको.

"आणखी एक सांगतो," मी म्हणालो. "चहावाल्याला मी विचारलं. न पिणारा कोणी होता का, असेल तर तुझी मान सुटेल, असं स्पष्ट सांगून विचारलं. तो म्हणाला कोणी नव्हता."

"सुटेल म्हणून सांगितलंत? तरी?"

"तरी."

"परत विचारलंत?"

"विचारलं. तेच म्हणाला."

चाचा खाली बसले. रुमालाने डोळे नाही, कपाळ पुसलं. मग उठून टोपी घातली, स्टोअरला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "परत येईन का नाय, ठावूक नाय. चला."

कॅप्टनने त्यांना बसायला खुर्ची दिली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझ्या नोकरीत साक्षीदाराला खुर्ची देणारे फार बघितले नाहीत. चाचा अरबीत स्वतःच बोलले, दुभाष्या लागला नाही. भोंगा झाल्यावर चहावाला शेगडी आत घेऊन आला, कारण बाहेर थांबायची भीती होती आणि थंडी कडक होती. दार लावलं, फटी चिकटवल्या, ठोकळा काढून झरोका चिकटवला. तो स्वतः पुढच्या खोलीत काउंटरवर बसला, कोणी उशिरा पळत आला तर त्याला घ्यायला. धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा सगळे धडपडत बाहेर पडले. क्रेनवाला तेवढा उठला नाही. घोरत होता.

"तुम्ही प्यालात?" कॅप्टनने विचारलं. विचारणं त्याचं कामच होतं.

चाचांनी छातीवर हात ठेवला. कॅप्टनने क्षणभर बघितलं आणि लिहायला सुरुवात केली. त्याच दिवशी चाचांना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं विचारून, तपासून आपलं मत लिहून दिलं. रक्ताचा निकाल पुढे केव्हातरी आला, तोही तसाच होता. मनुष्यवधाचं कलम निघालं. त्या कॅप्टनचे आणि त्या डॉक्टरांचे आभार मी आजही रोज मानतो. एक परका, कमी शिकलेला पहारेकरी सांगतोय म्हणून त्यांनी हाकलून दिलं असतं तरी कोणी त्यांना विचारणार नव्हतं.

दारूची शिक्षा चुकली नाही, आणि ती चुकावी असं मी म्हणत नाही. तुरुंगातले महिने संपल्यावर चहावाल्याला तरहीलमध्ये आणलं. देशाबाहेर काढायच्या लोकांना तिथे ठेवतात. मी भेटायला गेलो. जाळीपलीकडे तो आणखी बारीक झाला होता. मी घरचं विचारलं, विमान कधी ते विचारलं. मला वाटत होतं तो बरा दिसेल. जीव वाचला होता.

"जमादार, तुम्ही चांगलं केलंत," तो म्हणाला. "माझी म्हातारी तुम्हाला दुवा देईल. पण एक सांगू?"

"सांग."

"दारूने मेला होता तवा बरं होतं वो."

"असं का बोलतोस?"

"दारूवर राग धरता येत होता. पाप केलं, सजा मिळाली, हिशोब सरळ. आता दारू निर्दोष सुटली. सगळे गेल्यावर मी आत गेलो होतो. तो घोरत होता, पाय उघडे. मी माझं ब्लँकेट घातलं. शेगडी लांब होती, ती जवळ सरकवली. म्हटलं, गार पडला असेल. परत भोंगा होईल म्हणून दार ओढून नीट लावलं. फट पुन्हा चिकटवली." त्याने जाळीवर बोट ओढून दाखवलं, पट्टी दाबतात तसं, वरून खालपर्यंत. "हे कुठल्या खात्यात टाकू?"

वेळ संपली. शिपाई 'यल्ला, यल्ला', चला चला, म्हणत आला.

तो गेल्यावर पबला कुलूप लागलं. चौथा मालक आला नाही. चाचा पुढे बरीच वर्षं यार्डात होते. अजान देत राहिले, पण नमाजेला पुढे उभे राहिले नाहीत. कोणी त्यांना हटवलं नव्हतं. ते स्वतःच दुसऱ्या रांगेत सरकले, कडेला. लोकांनी आग्रह केला तर म्हणायचे, गुडघे दुखतात. त्यांच्या लेकीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं, मला पेढे मिळाले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो: गुन्ह्याचा तपास कबुलीपाशी थांबवू नये. हे खरं आहे, नव्या पोरांनी ते लक्षात ठेवावं. पण ते अर्धंच आहे. मला वाटायचं, खरं काय ते शोधून काढलं की माणूस मोकळा होतो. आमचं काम तिथे संपतं, हे मात्र खरं. त्या माणसाला मी काझीच्या हातून सोडवलं आणि त्याचं ब्लँकेट त्याच्याच हातात परत दिलं. शोधलं नसतं तर बरं झालं असतं असं मी म्हणू शकत नाही. शोधलं म्हणून बरं झालं, असंही मला जाळीसमोर उभं राहून म्हणता आलं नाही.

आता मी मुलाकडे, दम्मामला, व्हिजिट व्हिसावर येऊन राहतो. त्याचं घर थंडगार, काचा घट्ट, नातवंडं इंग्रजीत भांडतात. डिसेंबर-जानेवारीत गॅलरीत कोळशावर मांस भाजायची इथे पद्धत आहे. परवा वारा सुटला म्हणून मुलाने शेगडी उचलून आत आणली. मी उठलो आणि हॉलची खिडकी उघडली.

"बाबा, वाळू येईल हो सगळी आत," सूनबाई म्हणाली.

"येऊ दे," मी म्हणालो. "वाळूने माणूस मरत नाही."

नातवाने विचारलं, "मग कशाने मरतो, आजोबा?"

मी त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं.